जुनं गाइड म्हणजे दुर्मिळ गाइड?
‘तीस वर्षांपूर्वीचं व्हिडिओ गेमचं गाइड (गेम कसा खेळायचा ते सांगणारं पुस्तक) सापडलं तर विकू नका, लाखमोलाचं आहे,’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. पण नुसत्या वयावरून किंमत ठरत नाही. अमेरिकेत १९९०च्या सुमारास काही गाइड मासिकाच्या वर्गणीदारांना अंक म्हणूनच घरपोच गेली. अशा प्रती आजही सहज मिळतात. खरा फरक पडतो तो प्रत पूर्ण आहे का, यावर. ‘अर्थबाउंड’ या व्हिडिओ गेमचं १९९५चं गाइड खेळाच्या खोक्यातच यायचं आणि त्यात शेवटी घासून वास घ्यायची कार्डं होती. ती न घासलेली प्रत बघायला मिळणं म्हणजे पर्वणीच! तेव्हा आधी पानं मोजा, नकाशा-पोस्टर जागेवर आहे का बघा. मग लिलावाच्या साइटवर ‘सोल्ड’चा, म्हणजे विकल्या गेलेल्या वस्तूच दाखवणारा, फिल्टर लावा. मागितलेली किंमत कुणीही काहीही लिहितं. प्रत्यक्ष विक्रीचा भाव तिथे दिसतो.