वेब, हार्डवेअर आणि प्रकल्प व्यवस्थापन: बडोद्यातील तंत्रविषयक व्याख्यानांची पार्श्वभूमी

वेबसाइट कशी उभी राहते, संगणकाच्या आत काय असते आणि तंत्रज्ञानाचे प्रकल्प मुदतीत कसे पुरे करावेत, हे तीन विषय एका व्याख्यानमालेत ठेवले की श्रोत्यांपैकी कोणी तरी हमखास विचारते, की पहिले दोन ठीक आहेत, पण तिसऱ्याचे इथे काय काम? व्यवस्थापन हा विषय मागाहून चिकटवलेला आहे, असा या प्रश्नामागचा समज असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो, आणि त्या इतिहासाचा एक धागा बडोद्यासारख्या कारखान्यांच्या शहराला चांगलाच ओळखीचा आहे.

तंत्रविषय बोलून आणि करून दाखवून शिकवण्याची बडोद्यातील परंपरा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवली. कारागिरांच्या मुलांना रंगकाम, यंत्रकाम व सुतारकाम शिकवायचे, तर ते त्यांना समजणाऱ्या भाषेतच शिकवले पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके यांनीही छायाचित्रणाचे धडे कलाभवनातच गिरवले. १९१० मध्ये महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालय खाते उभारले. या खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे घेऊन वाचता न येणाऱ्यांपर्यंत जात असे. पडद्यावर चित्र आणि शेजारी उभे राहून बोलणारा माणूस, ही रचना या संस्थानात पॉवरपॉइंटच्या कितीतरी आधीपासून होती. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. जुने नाव मात्र गावाने सोडलेले नाही.

संगणकाच्या हार्डवेअरवरील व्याख्यानांचा उगम शोधायचा तर १९४६ च्या उन्हाळ्यात जावे लागते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मूर स्कूल या अभियांत्रिकी संस्थेत, जिथे एनियाक हा सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक तयार झाला होता, मोजक्या निमंत्रितांपुढे जुलै-ऑगस्टमध्ये आठ आठवडे व्याख्याने झाली. या विषयावर तेव्हा पाठ्यपुस्तक असे काही नव्हतेच, त्यामुळे नवे ज्ञान पसरवायला बोलण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स प्रवासाच्या अडचणींमुळे तिथे पोहोचले ते शेवटच्या दोन आठवड्यांत. तरीही परतीच्या बोटीवरच त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा मांडायला घेतला आणि ६ मे १९४९ रोजी त्यांच्या एडसॅक या संगणकाने पहिला प्रोग्रॅम चालवून दाखवला. अर्धवट ऐकलेल्या व्याख्यानमालेचे एवढे फळ फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल.

यापुढचा टप्पा बडोदेकरांच्या जवळचा आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट या रासायनिक कंपनीला प्रश्न पडला होता, की विकत घेतलेला युनिव्हॅक संगणक हिशेबांपलीकडे कशासाठी वापरता येईल? कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि युनिव्हॅक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी मिळून जी पद्धत बसवली, ती पुढे क्रिटिकल पाथ म्हणून ओळखली गेली. मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला लागणारा वेळ लिहायचा आणि कोणते काम कशाच्या आधी झालेच पाहिजे ते जोडून दाखवायचे. या जाळ्यातील सर्वांत लांब साखळी जेवढा वेळ घेते, तेवढाच पूर्ण प्रकल्प घेतो. त्या साखळीतील काम एक दिवस रेंगाळले, तर शेवटची तारीख एक दिवस पुढे जाते. साखळीबाहेरच्या कामांना थोडी सवड असते. ही पद्धत ज्या पहिल्या कामांवर पारखली गेली, त्यांत रासायनिक कारखान्याची उभारणी आणि देखभालीसाठी कारखाना काही काळ बंद ठेवणे, म्हणजे शटडाऊन, ही होती. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी पर्ट ही तिची भावंडपद्धत काढली.

बडोद्याजवळच्या कोयलीची तेलशुद्धीकरण रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली आणि पाठोपाठ पेट्रोकेमिकल उद्योग आला, तेव्हापासून शटडाऊन हा शब्द बडोद्याच्या मराठी घरांतही रुळला आहे. शटडाऊन लागला की घरचा माणूस काही आठवडे केवळ झोपण्यापुरता घरी येतो, हे इथल्या बायकामुलांना सांगावे लागत नाही. हीट एक्स्चेंजर (उष्णता एका द्रवातून दुसऱ्यात नेणारे नळ्यांचे यंत्र) उघडल्याशिवाय नळ्या साफ होत नाहीत, साफ झाल्याशिवाय तपासणी होत नाही आणि तपासणी झाल्याशिवाय तो बंद करता येत नाही, हे ज्याने पाहिले आहे, त्याला क्रिटिकल पाथ फळ्यावर समजावण्याची गरज उरत नाही. प्रकल्प व्यवस्थापनाची ही शाखा अशी संगणकाच्याच मदतीने वाढली. हार्डवेअरवरील व्याख्यानाशेजारी तिला बसवण्यात वावगे काही नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र ही शिस्त पुरी पडली नाही. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या संगणक-मालिकेची घोषणा १९६४ मध्ये झाली, पण तिची ऑपरेटिंग सिस्टिम रखडत गेली. त्या कामाचे प्रमुख राहिलेले फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे लिहिले, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढवली तर ते आणखी लांबते. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने याच दुखण्यावर परिषद भरली.

वेबची जन्मकथा तर थेट व्यवस्थापनाच्या अडचणीतून सुरू होते. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हजारो लोक काम करत, परंतु बरेच जण एक-दोन वर्षांत निघून जात आणि कोणता भाग कोणी बसवला, कोणता प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे, ही माहिती त्यांच्याबरोबरच जाई. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी या गळतीवर उपाय म्हणून जे टिपण दिले, त्याचे शीर्षकच ‘माहितीचे व्यवस्थापन: एक प्रस्ताव’ अशा अर्थाचे होते. वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर ‘अस्पष्ट, पण रोमांचक’ असा शेरा मारला. (अशा शेऱ्यावर काम पुढे सरकू देणारे वरिष्ठ सगळ्यांनाच लाभत नाहीत.) पहिला वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला वेबपाने पुरवणारे यंत्र, हा टेबलावरचा नेक्स्ट कंपनीचा एक संगणक होता. कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून त्यावर ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा आशयाची चिठ्ठी लाल शाईने लिहून चिकटवली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत खुले केले आणि मे १९९४ मध्ये वेबवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही तिथेच झाली.

भारतात विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, ते आधी महानगरांत. त्यानंतरच्या काही वर्षांत बडोद्यासारख्या शहरांत संगणक जोडून देणारे, वेबसाइट बनवणारे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहून देणारे छोटे व्यावसायिक उभे राहिले, आणि ही तिन्ही कामे बहुधा एकाच माणसाकडे असत. सकाळी रॅम बदलायची, दुपारी वेबसाइटचे मुखपृष्ठ जुळवायचे आणि संध्याकाळी ग्राहकाला तारीख द्यायची, असा त्याचा दिवस असे. अशा श्रोत्यापुढे बोलणाऱ्याने स्लाइड इंग्रजीत ठेवली, विवेचन मराठीत केले आणि प्रश्नाचे उत्तर गुजरातीत दिले, तरी कोणाला खटकत नाही. त्याला खटकते ते व्यवस्थापनाचे व्याख्यान केवळ तक्त्यांवर उरकले आणि एकाही प्रत्यक्ष कामाची साखळी मांडून दाखवली नाही, तर.