सीरियाची लोकशाही दोनदा गेली: १९४९ची गोष्ट वेगळी, १९५८ची वेगळी

सीरियात कधीकाळी खरीखुरी लोकशाही होती, असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: मग ती संपवली कुणी? एक जण सांगतो, १९४९ साली लष्करानं. दुसरा सांगतो, १९५८ साली इजिप्तच्या नासरनं. दोघांचंही चूक नाही, कारण ती दोनदा आली आणि दोनदा गेली. घोळ होतो तो एका माणसामुळे. दोन्ही वेळा ती बुडाली तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत शुक्री अल-कुवत्लीच बसलेले होते.

शेवटचा फ्रेंच सैनिक १७ एप्रिल १९४६ रोजी देशाबाहेर पडला. त्यानंतरची पहिली लोकशाही म्हणजे दमास्कस आणि अलेप्पोच्या जमीनदार-व्यापारी घराण्यांचा कारभार. निवडणुका होत्या, संसद होती, वर्तमानपत्रं मोकळेपणानं टीका करत होती. पण कुवत्लींना लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष होता यावं म्हणून घटनाच बदलली गेली. घर असं आतून पोखरत असताना १९४८चं पॅलेस्टाईनचं युद्ध अंगावर आलं, आणि सीरियाचं लष्कर त्यात तोंडघशी पडलं.

इथे तुपाची गोष्ट सांगायलाच हवी. अरबी स्वयंपाकातलं ‘सम्ने’ म्हणजे आपलं कढवलेलं तूपच. युद्धानंतर कुवत्ली छावणीच्या पाहणीला गेले असताना एका स्वयंपाकघरातून कसलासा उग्र वास आला. त्यांनी तुपाचा नवा डबा फोडायला लावला आणि त्यात एक अंडं तळायला सांगितलं, असं सांगतात. दर्प तोच. सैनिकांच्या पानात भेसळ वाढली जात होती. पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्याला अटक झाली आणि लष्कराला ती आपली बेअब्रू वाटली. संसदेतही सेनेचे वाभाडे निघत होते. तुपामुळे सत्ता गेली असं म्हणणं फार सोपं होईल, पण सरकार आणि छावणी यांच्यातला विश्वास किती आटला होता ते त्या तव्यावर दिसतं.

३० मार्च १९४९च्या पहाटे सेनाप्रमुख हुस्नी अल-झईम यांनी कुवत्ली आणि पंतप्रधान खालिद अल-अझ्म यांना ताब्यात घेतलं. संसद बरखास्त झाली. संसदेत रखडलेला सौदी तेलवाहिनीचा करार झईम यांनी झटक्यात मंजूर केला. (या बंडात अमेरिकेचा हात किती, हा वाद अजून मिटलेला नाही.) साडेचार महिन्यांत दुसऱ्या बंडात ते स्वतःच गोळीला बळी पडले, आणि डिसेंबरात तिसरं बंड झालं. एका वर्षात तीन! मग अदीब अल-शिशक्ली या लष्करी अधिकाऱ्याचा अंमल, तो थेट फेब्रुवारी १९५४पर्यंत.

दुसरी लोकशाही याहून बरीच भरीव होती, असं माझं मत. सप्टेंबर १९५४ची निवडणूक तेव्हाच्या अरब जगात सर्वांत मोकळी मानली जाते. १४२ जागांच्या सभागृहात बाथ या अरब एकीचा पुरस्कार करणाऱ्या समाजवादी पक्षाला २२ मिळाल्या आणि खालिद बकदाश हे कम्युनिस्ट नेते निवडून आले. अरब संसदेत असं पहिल्यांदाच घडत होतं. १९५५ साली वृद्ध राष्ट्राध्यक्ष हाशिम अल-अतासी पायउतार झाले आणि संसदेनं मतदान करून हद्दपारीतून परतलेल्या कुवत्लींना निवडलं. सत्तांतर झालं, एकही रणगाडा रस्त्यावर न येता.

फक्त एक गोष्ट या पाच वर्षांत बदलली होती. १९४९ साली लष्कर राजकारणाबाहेर उभं राहून चिडलेलं होतं. आता प्रत्येक पक्षाचे अधिकारी छावणीत होते आणि प्रत्येक अधिकाऱ्याचा एखादा गट. एप्रिल १९५५मध्ये कर्नल अदनान अल-मालकी यांचा दमास्कसमध्ये फुटबॉलच्या सामन्यात खून झाला, तोही याच ओढाताणीतून. १९५७ साली अमेरिकी कटाचा आरोप झाला आणि उत्तर सीमेवर तुर्की फौजा गोळा झाल्या. घरात कम्युनिस्टांचं बळ वाढत होतं, त्याची बाथवाल्यांना धास्ती.

जानेवारी १९५८मध्ये अधिकाऱ्यांचा एक जथा सरकारला न विचारता रातोरात विमानानं कैरोला गेला आणि त्यानं नासरकडे सीरिया आणि इजिप्त यांचं विलीनीकरण मागितलं. नासरनं अट घातली: सगळे पक्ष विसर्जित करा. सीरियाच्या पुढाऱ्यांनी ती मानली. संसदेनं स्वतःच्याच विसर्जनाला मान्यता दिली. बकदाश त्याआधीच देशाबाहेर निघून गेले होते. फेब्रुवारीतल्या सार्वमतात जवळजवळ शंभर टक्के होकार पडला आणि नासर दमास्कसला आले तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले.

म्हणून कुणी सालांचा घोळ घातला तर कुवत्ली कुठे होते ते विचारा. १९४९ साली ते कैदेत होते आणि राजीनामा त्यांच्याकडून घेतला गेला. १९५८ साली ते नासरच्या शेजारी उभे होते, करारावर त्यांचीच सही होती, आणि बदल्यात त्यांना ‘पहिला अरब नागरिक’ हा किताब मिळाला. हा संसार साडेतीन वर्षं टिकला. सप्टेंबर १९६१मध्ये सीरिया वेगळा झाला, डिसेंबरात पुन्हा मतदान झालं, आणि ८ मार्च १९६३ला बाथवाल्या अधिकाऱ्यांनी तेही गुंडाळलं. या खेपेला कुवत्ली खुर्चीत नव्हते.