एक रकाना, दोन वाटा: अमेरिकेतील हिस्पॅनिक स्त्रिया आणि एचआयव्ही

एड्सची पहिली सरकारी नोंद ५ जून १९८१ ची. लॉस एंजेलिसमधल्या पाच समलिंगी तरुणांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची. पुढची दहा-बारा वर्षे हा आजार पुरुषांच्याच मापाने मोजला गेला. गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग एड्सच्या व्याख्येत यायला १ जानेवारी १९९३ उजाडला, तोही न्यूयॉर्कमधला खटला आणि स्त्रियांची निदर्शने झाल्यावर. व्याख्येबाहेर राहणाऱ्या बाईचे नुकसान कागदावरच थांबत नव्हते. अपंगत्वाचा भत्ता मिळणे-न मिळणे याच व्याख्येवर ठरायचे.

‘हिस्पॅनिक’, म्हणजे स्पॅनिश भाषा-संस्कृतीच्या मुळांचे लोक, हा रकाना १९७७ मध्ये सरकारी नोंदींसाठी ठरला आणि तोही तितकाच ढोबळ आहे. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली प्वेर्तो रिकन, मायामीतली क्यूबन आणि कॅलिफोर्नियाच्या मळ्यात राबणारी मेक्सिकन, सगळ्या त्यात एकत्र. प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक. त्यांना व्हिसा लागत नाही. बेट आणि न्यूयॉर्क यांच्यातल्या सततच्या ये-जामुळे हेरॉइनच्या सामायिक सुयांची साथ दोन्हीकडे पसरली आणि बायकांना लागण झाली ती स्वतःच्या सुईतून किंवा हेरॉइन टोचून घेणाऱ्या जोडीदाराकडून. मेक्सिकन कुटुंबांची गोष्ट निराळी. मेक्सिकन मजुरांना हंगामी कामासाठी अमेरिकेत आणणाऱ्या १९४२ ते १९६४ च्या ब्रासेरो योजनेने एकट्या पुरुषाने उत्तरेला जाऊन कमावण्याची रीत पक्की केली. १९८६ च्या स्थलांतर कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले, त्यामागोमाग अनेकांच्या बायकाही आल्या. अशा बाईचा धोका बऱ्याचदा नवऱ्याच्या एकटेपणाच्या वर्षांतून येतो.

म्हणूनच अभ्यासांचे निष्कर्ष वरवर उलटे दिसतात. अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रियांमध्ये लैंगिक संबंधांची सुरुवात साधारणपणे लवकर होते, जोडीदारांची संख्या जास्त असते. पण कंडोमचा विषय काढणे त्यांना तुलनेने सोपे जाते. स्थलांतरित स्त्रीला बहुतेकदा एकच जोडीदार असतो, मात्र त्याच्याशी कंडोम जवळजवळ नसतोच. तो मागणे म्हणजे नवऱ्यावर संशय घेणे, नाहीतर स्वतःवर ओढवून घेणे. ‘जोडीदार कमी ठेवा’ हा सल्ला तिच्या काय कामाचा?

हा फरक मोजायला १९८७ पासून बारा प्रश्नांची एक पट्टी वापरात आहे: घरी कोणती भाषा बोलता, टीव्ही कोणत्या भाषेत पाहता, मित्रमंडळी कोण. एक ते पाच गुणांच्या उत्तरांची सरासरी २.९९ च्या वर गेली की बाई अमेरिकी वळणाची धरायची. पट्टी सोपी असल्याने रुळली, पण घरभाडे कोण भरतो, कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत, मारहाण होते का, हे ती विचारत नाही. कंडोमचा निर्णय मात्र नेमका तिथे होतो.

कायद्यानेही एचआयव्हीची चाचणी जोखमीची केली. १९८७ पासून एचआयव्ही असलेल्या परदेशी व्यक्तीला प्रवेश नाकारला जाई आणि ग्रीन कार्डाच्या तपासणीत ही चाचणी सक्तीची होती. ४ जानेवारी २०१० रोजी बंदी उठली. भीती लगेच उठली नाही. १९९६ च्या कायद्याने बहुतेक नव्या कायदेशीर स्थलांतरितांना मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी पाच वर्षे थांबवले, बिनकागदांच्यांना तर वगळलेच. एचआयव्हीच्या उपचारांसाठीचा १९९० चा रायन व्हाइट निधी नागरिकत्व पाहत नाही, पण हे माहीत असेल तर उपयोग. अनेकींची पहिली चाचणी गरोदरपणातच होते. तिचा फायदा मोठा: १९९४ च्या प्रयोगात झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरील औषधामुळे बाळाला लागण होण्याचे प्रमाण २५.५ वरून ८.३ टक्क्यांवर आले. पण मूल होऊन गेलेली, चाळिशीतली बाई या चाळणीतून निसटते. १३ ते ६४ वयातल्या सर्वांची नेहमीच्या तपासणीत चाचणी करावी, ही शिफारस २००६ ची.

प्रतिबंधाच्या कार्यक्रमांत नुसते पत्रक स्पॅनिशमध्ये छापून भागत नाही, हे हिस्पॅनिक स्त्रियांसाठी शिकागोत सुरू झालेल्या ‘सेपा’ या कार्यक्रमाने दाखवले. त्याच्या मायामीतल्या प्रयोगात ५४८ स्त्रिया होत्या. गटाच्या पाच बैठकांत कंडोमच्या वापराबरोबर जोडीदाराशी बोलणी कशी करायची याचा सराव आणि घरातली हिंसा हेही विषय घेतले जात.

२०१२ मध्ये लागण टाळणारी रोजची गोळी आली. योनीमार्गात पूर्ण संरक्षणासाठी ती सलग सुमारे २१ दिवस घ्यावी लागते. संबंधाच्या आधी-नंतर मोजक्या गोळ्यांची पुरुषांसाठीची पद्धत इथे चालत नाही. २०१९ च्या दुसऱ्या गोळीला योनीसंबंधांसाठी मंजुरीच मिळाली नाही, कारण तिच्या प्रयोगात जन्माने स्त्री असलेले कोणी घेतलेच नव्हते. डिसेंबर २०२१ चे इंजेक्शन नवऱ्याच्या संशयाची भीती असलेल्या घरांत जास्त सोयीचे: पहिले दोन डोस महिन्याच्या अंतराने, मग दर दोन महिन्यांनी एक, आणि नवऱ्याच्या हाती लागेल अशी बाटली घरात नाही. वर्षातून दोनदाच घ्यायचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये मंजूर झाले. विमा नसलेल्या बाईला ते कुठे आणि किती खर्चात मिळेल, हे ती कोणत्या राज्यात राहते यावरही अवलंबून आहे.