फ्रीडायव्हिंग : खेळाडूंचा सहभाग आणि टिकाव

सिलिंडर न लावता, एकाच श्वासावर पाण्याखाली जास्तीत जास्त खोल जाणं, लांब जाणं किंवा नुसतं दम धरून पडून राहणं याची स्पर्धा म्हणजे फ्रीडायव्हिंग. आपल्याकडे याला साधं बुडी म्हणतात. भंडारा-गोंदियाच्या बोड्या-तलावांवर नाहीतर वऱ्हाडातल्या विहिरींवर वाढलेल्या पोट्ट्यांना ती शिकवावी लागत नाही, पाठीला रिकामी कॅन बांधून पोहणं सुरू होतं आणि कॅन सुटली की पुढच्या उन्हाळ्यात बुडी.

खेळ म्हणून सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. काही जण १९१३ पासून धरतात. त्या साली कार्पाथोस बेटाजवळ 'रेजिना मार्गेरिता' या इटालियन युद्धनौकेचा नांगर तळाला गेला आणि हाजी स्टाटी नावाच्या ग्रीक स्पंज काढणाऱ्यानं दम धरून खाली जात तो शोधून दिला. खोली कोणी ७५ मीटरच्या आसपास सांगतं, कोणी ८० च्या वर, आणि त्या काळची मोजमापं पाहता एकच आकडा छातीठोकपणे देता येत नाही. दुसरं मत १९४९ चं. इटलीत काप्रीजवळ रायमोंदो बुखेर पैज लावून ३० मीटर खाली गेला आणि तळाशी थांबलेल्या पाणबुड्याच्या हातात पुडकं देऊन वर आला. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण स्टाटीचं ते पोटापाण्याचं काम होतं, पैज नव्हती, आणि बुखेरनं सोबत पुरावा ठेवला. पुराव्याची ही गोष्ट आजही तशीच आहे, स्पर्धेत दोरीच्या टोकाच्या चकतीवरून टॅग काढून आणावा लागतो आणि आपल्या विहिरीवर मुठीत तळाची माती. पोट्टा वर आला की पहिले मूठ उघडून दाखवतो, काळा गाळ बोटांतून ओघळत असतो, मग श्वास घेतो.

स्पर्धेत मात्र हा क्रम चालत नाही. आयडा ही १९९२ साली स्थापन झालेली फ्रीडायव्हिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमानुसार वर आल्यावर १५ सेकंदांत तोंडावरचा चष्मा आणि नाकावरची क्लिप काढायची, हातानं ओके दाखवायचं आणि 'मी ठीक आहे' असं इंग्रजीत म्हणायचं, याच क्रमानं. चुकलं की लाल कार्ड, मग कितीही खोल जाऊन आला असला तरी.

नवे लोक बहुतेक करून पोहणं, स्कूबा (सिलिंडर लावून बुडी) नाहीतर भाल्यानं मासे मारणं यातून येतात. वयाची अडचण तशी कमी, रशियाच्या नतालिया मोल्चानोव्हा चाळिशीच्या आसपास या खेळात आल्या आणि २००९ मध्ये वजनाची गाडी न वापरता, पायाला फिन लावून स्वतःच्या बळावर १०० मीटरच्या खाली जाणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. टिकणं अवघड आहे ते दुसऱ्या कारणांनी. कानाचा दाब जुळवता आला नाही की दहा-पंधरा मीटरवरच गाडी अडते, आणि समुद्राचा खर्च तर सगळ्यांनाच जड. सगळ्यात मोठं कारण म्हणजे ब्लॅकआउट. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, वर येताना तो झपाट्यानं निम्मा होतो आणि फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही त्यासोबत पडतो, म्हणून माणूस तळाशी नाही तर शेवटच्या काही मीटरमध्ये शुद्ध हरवतो. २०१३ मध्ये बहामात स्पर्धेतच निकोलस मेव्होली या अमेरिकन खेळाडूचा जीव गेला तो वेगळ्या, फुप्फुसाच्या इजेनं.

बुडीच्या आधी भराभर दम ओढणं तर फारच वाईट. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि 'आता वर ये' हा शरीराचा इशारा उशिरा मिळतो. विहिरीत पाणी पाच-सहा मीटरच असलं तरी त्यानं शुद्ध हरपू शकते आणि आपल्याकडे पोट्टे नेमका असाच दम ओढतात, काठावर उभे राहून दहा-वीस वेळा छाती फुगवून. एक खाली, एक वर नजर ठेवून, हा नियम पाळला तर माणसं खेळात राहतात. काठावरून मोजणारा मित्र म्हणजे तो जोडीदार नव्हे, त्याला बेशुद्ध माणूस वर काढता आला पाहिजे.

विदर्भात समुद्र नाही, पण दम धरून पडून राहणं आणि आडवं अंतर कापणं हे दोन प्रकार पोहण्याच्या तलावात होतात. गावाकडे बुडीत खरे तयार लोक ढिवर या मासेमार समाजातले. वैनगंगेत कोणी बुडालं की आधी त्यांनाच बोलावणं जातं. गढूळ पाण्यात काही दिसत नाही, म्हणून ते तळ हातानं चाचपत पुढे सरकतात आणि दोरीचं दुसरं टोक काठावर भावानं धरलेलं असतं.