साखरफुलांची दुरुस्ती

केकच्या सजावटीसाठी गमपेस्टची फुले करतात. वाळल्यावर ती कडक पण अतिशय ठिसूळ होतात. तुटलेली पाकळी सांधणे, तडा बुजवणे किंवा नवी पाकळी घालून फूल पूर्ववत करणे, अशी कामे या दुरुस्तीत येतात. गमपेस्ट म्हणजे पिठीसाखर, अंड्याचा पांढरा बलक, थोडे वनस्पती तूप आणि डिंक किंवा सीएमसी पावडर (डिंकासारखे काम करणारी, सेल्युलोजपासून केलेली खाद्य भुकटी) घालून मळलेला गोळा. केकवर पसरायचा साखरेचा लगदा, म्हणजे फॉन्डंट, नुसता वापरला तर मऊ राहतो; त्याची पाकळी तुटण्याऐवजी लोंबते.

या लगद्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. आलेस्सिओ पिएमोंतेसे या नावाने १५५५ मध्ये व्हेनिस येथे ‘सेक्रेती’ हा ग्रंथ निघाला. त्याचा कर्ता जिरोलामो रुशेल्ली असावा, असे सामान्यतः मानतात. गुलाबपाण्यात भिजवलेला ट्रॅगाकांथ डिंक, लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर यांपासून फळे, ताटल्या व पेले घडवण्याची कृती त्यात आहे. यावरून काही लेखक ही कला इटालियन ठरवतात. मात्र फारसी प्रवासी नासिर खुस्रौ याने अकराव्या शतकाच्या मध्यास कैरोच्या फातिमी दरबारात फांद्या, पाने व फळांसह साखरेचे झाड पाहिल्याचे लिहिले आहे. ते डिंकाच्या लगद्याचे होते की साच्यात ओतलेल्या पाकाचे, हे त्या वर्णनावरून ठरत नाही. तरीही मूळ पश्चिम आशियात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण ट्रॅगाकांथ देणारी अ‍ॅस्ट्रॅगॅलसची झुडपे इराण-तुर्कस्तानकडची आहेत. (ट्रॅगाकांथला आपल्याकडे कतीरा म्हणतात, पण त्या नावाने मिळणारा डिंक पुष्कळदा सोनसावरीच्या झाडाचा असतो.) जुन्या मेजवान्यांतल्या साखरवस्तू मोडून खाण्यासाठीच असत, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न फारसा उद्‌भवत नसावा. एकेक पाकळी तारेवर घडवून फूल बांधण्याची पद्धत बहुधा विसाव्या शतकात रुजली, आणि सुटी पाकळी बदलणे तिच्यामुळेच शक्य झाले.

सांधण्यासाठी त्याच रंगाच्या गमपेस्टचा तुकडा थेंब-थेंब पाणी किंवा अंड्याचा पांढरा बलक घालून चिकट होईपर्यंत घोटतात. हा सांधा मूळ फुलाइतकाच कडक वाळतो आणि रंगातही उठून दिसत नाही. सीएमसी पाण्यात भिजवून केलेला खाद्य गोंद ओल्या पाकळ्यांना पुरतो. दोन्ही कडा वाळलेल्या असल्या तर तो लवकर पकड घेत नाही. अशा वेळी घट्ट रॉयल आयसिंग (पिठीसाखर व अंड्याचा पांढरा बलक फेटून केलेले, वाळून कडक होणारे मिश्रण) चालते, पण त्याची पांढरी रेघ पेटल डस्टने, म्हणजे खाद्य रंगाच्या भुकटीने, झाकावी लागते. पाणी जास्त झाले की कड विरघळते व तुकडा आखूड पडतो. ब्रशच्या टोकाने अगदी थोडे चिकटण लावून पाकळीखाली स्पंजचा किंवा चुरगळलेल्या टिश्यूचा टेकू देतात आणि फूल रात्रभर हलवत नाहीत.

पाकळीचा चुरा झाला असेल तर सांधत बसण्यात अर्थ नसतो. तारेच्या फुलाची फ्लोरल टेप उलगडून ती पाकळी काढतात व २८ किंवा ३० गेजच्या तारेवर केलेली नवी बसवतात. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. एकाच कळीवर थर चढवलेल्या गुलाबात हे जमत नाही. तिथे बाहेरून एक जादा पाकळी चढवतात किंवा मोडकी बाजू केकच्या मागे वळवतात. रंग शेवटी, कोरड्या ब्रशने. नंतर काही सेकंद वाफ दाखवली की भुकटी पक्की बसते. जास्त वाफेने नवा सांधा सुटतो.

शुद्ध साखर साधारण २५° से. तापमानाला सुमारे ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ही मर्यादा सहज गाठली जाते, म्हणून दुरुस्त फुले सिलिका जेलच्या पुड्यांसह खोक्यात ठेवतात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढताच त्यांवर दव धरते. बिनअंड्याच्या केकसाठी सीएमसीचाच गोंद वापरतात. तारेचे देठ केकमध्ये थेट न खोचता प्लॅस्टिकच्या फ्लॉवर पिकमध्ये (केकमध्ये खोचायच्या टोकदार पोकळ नळीत) घालून बसवतात.