माठ, घाम आणि गारा

एप्रिलमध्ये आमच्या पंचवटीतल्या घरी रात्री भरून ठेवलेल्या माठातल्या पाण्याचा पहिला घोट सकाळी दातांना झोंबतो. तोच माठ रत्नागिरीला मावशीकडे नेला, तर पाणी जेमतेम गार होते आणि माठाखाली ओल मात्र साचून राहते. फरक हवेतल्या बाष्पाचा आहे. माठाच्या अंगावर पाझरलेले पाणी वाफ होऊन उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते; हवा आधीच बाष्पाने जड झालेली असेल, तर हे उडणेच मंदावते.

उन्हाळ्यात आपले शरीरही माठासारखेच वागते. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम नुसता गळून पडला, तर शरीरातले पाणी आणि मीठ तेवढे खर्ची पडते. म्हणूनच उष्णतेची लाट ठरवताना भारतीय हवामान विभाग सपाट प्रदेशात पारा किमान ४० अंश सेल्सिअसला पोहोचला आहे का हे पाहतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच विचार सुरू करतो, आणि दोन्हीकडे तापमान सरासरीपेक्षा किती चढले आहे हेही तपासतो. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली, तेव्हा देशभर त्या आकड्याचीच चर्चा झाली. पण दमट हवेतले ३७ अंश शरीराला किती जाचतात, हे नुसता पारा सांगत नाही. कोरड्या हवेचा धोका निराळा आहे. नाशिकच्या उन्हात घाम आल्याआल्या वाळतो, त्यामुळे ‘मला घामच येत नाही’ असे समजून माणूस पाणी प्यायचे टाळतो, आणि शरीर आतून सुकत जाते.

माठाने हवेला दिलेली उष्णता नाहीशी होत नाही. ती बाष्पात दडून राहते आणि उंचावर त्या बाष्पाचे पुन्हा पाणी झाले की बाहेर पडते. तिने तापलेली हवा आणखी वर उसळते आणि ढग मनोऱ्यासारखा वाढत जातो. बंगालमध्ये समुद्रावरची दमट हवा छोटा नागपूरकडून येणाऱ्या तप्त, कोरड्या वाऱ्याखाली शिरते, तेव्हा कालबैसाखीची वादळे उठतात. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पश्चिमी झंझावातामुळे (भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी हवामानामुळे) वरच्या थरात थंड हवा येते, खाली समुद्रावरून बाष्प येते, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर गारपीट होते.

गार मधोमध कापली, तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. अतिथंड, म्हणजे शून्य अंशाखालीही पाणीच राहिलेला, थेंब आदळताच गोठला, तर हवेचे बुडबुडे अडकून थर पांढुरका होतो; पाणी सावकाश गोठले, तर थर काचेसारखा नितळ होतो. वर उसळणारा वारा जोवर गारेला पेलतो, तोवर ती वाढत राहते. पावसाळ्यात गारा सहसा पडत नाहीत, कारण त्या दिवसांत गोठणबिंदूची पातळी, म्हणजे हवा जिथे शून्य अंशाला येते ती जागा, उंच असते आणि खालच्या उबदार हवेतून येताना गार वितळून जाते. द्राक्षकाढणीच्या ऐन दिवसांत मात्र ही पातळी खाली असते, हे आपल्या जिल्ह्याचे दुर्दैवच म्हणावे लागेल. मणी एका जागी जरी फुटला, तरी रस पाझरून सगळा घड सडू लागतो. माणसेही यातून सुटत नाहीत. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद परिसरात ३० एप्रिल १८८८ च्या गारपिटीत २४६ जण दगावले होते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती उन्हाळ कांदा काढणीच्या संध्याकाळची. आभाळ भरून आले, की घरातली सगळी माणसे उघड्या शेतातले ढीग झाकायला ताडपत्री घेऊन धावतात, आणि वीज पडण्याची शक्यता नेमकी तेव्हाच सर्वाधिक असते. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, त्यामुळे वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या शेतातही पडू शकते. अशा वेळी झाडाखाली थांबू नये, पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर आसपासच्या विजेची सूचना देते. ती येताच ढीग अर्धवट झाकलेला असला, तरी तसाच सोडून निघावे.