चांदणीवाला प्रश्न आणि 'माहिती गोळा करण्यात येत आहे'

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत जास्तीत जास्त 250 प्रश्न लागतात आणि त्यातल्या फक्त 20 प्रश्नांच्या डोक्यावर चांदणी असते, म्हणून ते तारांकित. टीव्हीवर आपल्याला जे दिसतं, म्हणजे कोणीतरी उभं राहून विचारतंय, मंत्री कागद चाळत उत्तर देतायत, मागून निम्मे लोक ओरडतायत, ते सगळं या 20 चं. उरलेले 230 अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी येतात, सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मला विचाराल तर खरा माल तिथेच असतो, पण ते पुढे सांगतो.

आधी प्रश्न तिथपर्यंत पोचतो कसा ते बघा. खासदाराला किमान 15 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, प्रश्न 150 शब्दांच्या आत बसवावा लागतो, आणि त्यात टोमणा चालत नाही, आरोप चालत नाही, 'समजा असं झालं तर' टाइप काल्पनिक काही चालत नाही, नुसतं मत विचारलेलंही चालत नाही. (टोमणे बंद केले तर बोलायला उरतं काय, असं काही जणांना वाटत असेल.) प्रश्न घ्यायचा की नाही हे अध्यक्ष ठरवतात, आणि नंबर कोणाचा आधी ते चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं बॅलटने ठरतं, त्यामुळे चार टर्म मुरलेला नेता आणि पहिल्यांदा निवडून आलेला खासदार, नशीब दोघांचं सारखंच. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे सकाळी 11 ते 12 एवढाच वेळ, त्यात 20 पैकी थोडेच प्रश्न होतात. सगळेच्या सगळे 20 पार पडले असं नोव्हेंबर 2019 मध्ये एकदा झालं तर त्याची बातमी झाली, कारण त्याआधी असं घडलं होतं ते 1972 साली!

इकडे मंत्रालयात धावपळ. आपल्याकडच्या सरकारी ऑफिसात 'एलएक्यू आलाय' (म्हणजे विधानसभेतला प्रश्न) म्हटलं की बाकीची कामं बाजूला पडतात ना, दिल्लीतही तेच. खालून आकडे मागवायचे, मसुदा करायचा, एकेक टेबल चढत तो मंत्र्यांपर्यंत न्यायचा. आणि लेखी उत्तर तयार झालं तरी सुटका नाही, कारण तारांकित प्रश्नावर पुरवणी प्रश्न, म्हणजे उत्तरावर लगेच उभं राहून उपप्रश्न, विचारता येतात आणि ते आधी कळवावे लागत नाहीत. म्हणून अधिकारी 'असं विचारलं तर हे सांगा' अशी जाडजूड नोट मंत्र्यांच्या हातात देतात आणि स्वतः अधिकाऱ्यांच्या गॅलरीत जीव मुठीत धरून बसतात.

हा पुरवणीचा हक्क टप्प्याटप्प्याने मिळालाय. 1892 च्या कायद्याने इंग्रजांनी कौन्सिलच्या (म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळाच्या) सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उत्तर मिळालं की गप्प बसायचं. पहिला प्रश्न 16 फेब्रुवारी 1893 ला भिंगा (आजच्या उत्तर प्रदेशातलं एक ठिकाण) इथल्या राजांनी विचारला, आणि विषय काय, तर दौऱ्यावर निघालेल्या साहेबांच्या कॅम्पला सामान पुरवताना गावच्या दुकानदारांचे होणारे हाल. पुरवणी विचारायची सोय 1909 नंतर आली, तीही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला, इतरांना त्यासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं.

एका प्रश्नाचं टोक धरून किती लांब जाता येतं ते 1957 मध्ये दिसलं. एलआयसी तेव्हा नुकतीच सरकारी झालेली, आणि तिने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांमध्ये सव्वा कोटीच्या आसपास पैसे घातले होते. संसदेत विचारणा झाली, सरकारकडून गुळमुळीत उत्तर आलं, आणि मग फिरोज गांधींनी ते प्रकरण लावून धरलं. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि वर पंतप्रधान नेहरूंचे जावई, तरी सोडलं नाही. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा आयोग नेमला गेला, मुंबईत सगळ्यांसमोर सुनावणी झाली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला.

आता त्या दुर्लक्षित अतारांकितांकडे येऊ. सप्टेंबर 2020 मध्ये कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, फक्त लेखी प्रश्न चालू होते. लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती मजूर दगावले असं लोकसभेत विचारलं, तर कामगार मंत्रालयाने लिहून दिलं की अशी माहिती ठेवली जात नाही. त्याच अधिवेशनात राज्यसभेत श्रमिक स्पेशल गाड्यांमधल्या मृत्यूंबद्दल विचारलं, तर रेल्वेकडून आकडा आला, 9 सप्टेंबरपर्यंत 97. अख्ख्या देशाचा हिशोब विचारला तर हात वर, ठरावीक गाड्यांचा विचारला तर आकडा, म्हणजे प्रश्न किती नेमका बेतलाय यावर बरंच अवलंबून असतं. आणि 'माहिती ठेवत नाही' हेसुद्धा उत्तरच आहे की, सरकारने स्वतः लेखी दिलेलं, जे नंतर कोणालाही दाखवता येतं.

पण सगळ्यात भारी प्रकार म्हणजे आश्वासन समिती. लोकसभेत ती 1953 पासून आहे, 15 खासदारांची. मंत्री जेव्हा 'माहिती गोळा करण्यात येत आहे', 'बाब विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालतो' असं काही म्हणतात तेव्हा आपल्याला वाटतं वेळ मारून नेली. पण अशा वाक्यांची समितीकडे यादीच आहे, आणि त्यातलं वाक्य तोंडून गेलं की ते आश्वासन म्हणून नोंदवता येतं, दुकानदार वहीत उधारी मांडतो तसं. ती तीन महिन्यांत फेडायची असते. प्रत्यक्षात काही आश्वासनं वर्षानुवर्षं पडून राहतात, मंत्रालयं मुदत वाढवून मागत राहतात. आणि उधारी वहीतून खोडून हवी असेल तर समितीकडे कारणासकट विनंती करावी लागते, त्यावर समिती दरवेळी हो म्हणतेच असं नाही.